वाचक विचारतात : फोटोचे ठिपके करताना

गेल्या अंकात फोटोपासून ठिपक्यांचं व्हेक्टर (म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-आकारांनी बनलेलं) चित्र करण्याबद्दल ओझरतं लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं आली, की या वेळचं सदर त्यालाच दिलंय. फ्लेक्सच्या दराबद्दल ज्यांनी विचारलं होतं त्यांनी महिनाभर थांबावं. दर तोवर काही कमी होत नाहीत.

प्रश्न : गणपतीच्या देखाव्यासाठी लोकमान्यांचा चेहरा करायचाय. चार फूट बाय पाच फुटांच्या बोर्डाला भोकं पाडून मागून दिवे सोडणार आहोत. डिझायनरने कोरलमध्ये डिझाइन केलं, स्क्रीनवर फक्कड दिसतं. पण नमुन्याचा तुकडा कापून मागे बल्ब धरला तर चेहरा भुतासारखा दिसतो. शिवाय कटिंगवाला म्हणतो अठरा हजारांच्या वर भोकं आहेत, परवडणार नाही. काय करावं?
– एक कार्यकर्ता, शुक्रवार पेठ

उत्तर : भुताचं आधी बघू, कारण ते सोपं आहे. स्क्रीनवर पांढऱ्या पानावर काळे ठिपके असतात. जिथे सावली गडद तिथे ठिपका मोठा. तुमच्या बोर्डावर ठिपका म्हणजे भोक, आणि भोकातून उजेड येणार. म्हणजे लोकमान्यांच्या मिशा झगमगणार आणि कपाळ काळं ठिक्कर पडणार. जुन्या फोटोची निगेटिव्ह पाहिली असेल, तसंच. डिझायनरला सांगा, ठिपके करण्याआधी फोटो इन्व्हर्ट कर. मागून उजेड असेल तर उजळ भागाला मोठं भोक आणि गडद भागाला लहान. स्क्रीनवर तपासताना मागे काळं पान ठेवून ठिपके पांढरे करा, म्हणजे रात्री रस्त्यावरून काय दिसेल ते आधीच कळेल.

आता भोकांची संख्या. चार फूट म्हणजे 1220 मिलिमीटर, पाच फूट म्हणजे 1525. अठरा हजारांवर आकडा गेला याचा अर्थ डिझायनरने दोन ठिपक्यांच्या मध्यांत 10 मिलिमीटर अंतर ठेवलंय : आडवे 122, उभे 152, गुणाकार 18,500च्या पुढे. हेच अंतर 20 मिलिमीटर केलं की 61 गुणिले 76, म्हणजे साधारण 4,600. चौथ्या हिश्श्यावर आलं काम.

‘पण मग चेहरा खडबडीत दिसेल’ असं तो म्हणेल. त्याला हे गणित दाखवा. धडधाकट नजरेच्या माणसाला दोन गोष्टी वेगळ्या दिसायला डोळ्यापाशी साधारण एक कलेचा कोन लागतो, कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. व्यवहारात त्याचा अर्थ : जितके मीटर लांब उभे, तितके गुणिले 0.3 मिलिमीटर. तुमच्या गल्लीत मंडपासमोर माणूस पाच-सहा मीटरवर उभा राहणार. त्याला दीड-दोन मिलिमीटरपर्यंतचं वेगळं दिसतं. मग अंतर 10 असो की 20, त्याला ठिपके दिसणारच आहेत. विरघळून सलग चित्र व्हायला 10 मिलिमीटरच्या ठिपक्यांनाही तीस-पस्तीस मीटर लांब जावं लागेल, आणि तेवढा सरळ रस्ता शुक्रवार पेठेत मला तरी माहीत नाही. जादा 14,000 भोकांचे पैसे मोजून हाती काही लागत नाही. ठिपके दिसावेत आणि तरी माणूस ओळखू यावा, यातच तर या चित्राची गंमत आहे.

माणूस ओळखू यायला किती ठिपके लागतात? फार कमी. बेल लॅब्जमधल्या लिऑन हार्मन यांनी 1973 मध्ये अब्राहम लिंकनचा चेहरा अडीचशेच्या आसपास करड्या चौकोनांत मांडून दाखवला होता. जवळून नुसते चौकोन, डोळे बारीक केले की लिंकन. डोळे बारीक केल्याने चौकोनांच्या धारदार कडा पुसल्या जातात आणि खालचा चेहरा वर येतो. तुमच्याकडे 4,600 ठिपके आहेत.

मात्र ते चेहऱ्याला मिळाले पाहिजेत. लोकमान्यांचा खुर्चीत बसलेला पूर्णाकृती फोटो घेतला तर चेहऱ्याच्या वाट्याला दहा-बारा ठिपक्यांची रुंदी येईल, बाकीचे उपरण्यावर खर्च होतील. फोटो पगडीच्या वरच्या काठापासून गळ्यापर्यंत कापा. पगडी आणि मिशा या दोन आकारांवरून महाराष्ट्रात कोणीही ओळखतं. डोळ्यांना मात्र प्रत्येकी सहा-सात ठिपके आडवे मिळतील असं बघा. त्याहून कमी आले तर नजर हरवते, आणि लोकमान्यांची नजर हरवली तर काय उरलं? मागची भिंत, पडदा, खुर्ची सगळं पुसून एकरंगी करा. कॉन्ट्रास्ट नेहमीपेक्षा बराच चढवा. मग फोटोची एक प्रत 60 पिक्सेल रुंदीची करून मोबाइलवर बघा. त्यात लोकमान्य दिसले तरच पुढे जा. तिथे दिसले नाहीत तर कुठल्याही सॉफ्टवेअरचं कुठलंही बटण ते आणून देणार नाही.

कोरलच्या अलीकडच्या आवृत्त्यांत पॉइंटिलायझर (फोटोचे व्हेक्टर ठिपके करून देणारी सोय) आहे, डिझायनरने तेच वापरलं असणार. त्यात घनता ठरवता येते, ओळींचा कोन ठरवता येतो, ठिपक्याचा आकार गोल, चौकोनी किंवा आपला स्वतःचा देता येतो. चेहऱ्याला गोलच बरा. चांदण्या आणि बदाम वाढदिवसाच्या बॅनरला ठेवा. ओळी थोड्या तिरप्या घ्या, सरळ उभ्या-आडव्या ओळींत जाळीचाच भास आधी होतो.

सर्वांत मोठं भोक 16 मिलिमीटरचं धरा, म्हणजे दोन भोकांत 4 मिलिमीटर माल राहील. सर्वांत लहान किती, ते कटिंगवाल्याला विचारा. राउटरला (भोकं कोरणाऱ्या मशिनला) 3 मिलिमीटरचं बिट, म्हणजे कोरायचं पातं, असेल तर त्याहून बारीक भोक पडूच शकत नाही, आणि फाइलमधली तसली वर्तुळं मशिन एकतर सोडून देतं नाहीतर अडतं. ती आधीच निवडून पुसून टाका. फाइल देताना सगळे ठिपके खरे वक्र झालेत, एकावर एक दुहेरी वर्तुळं पडलेली नाहीत आणि माप मिलिमीटरमध्ये आहे एवढं बघून डीएक्सएफ (कटिंग मशिनला समजणाऱ्या प्रकारची) फाइल द्या.

मालाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. एमडीएफ स्वस्त म्हणून घ्याल आणि भाद्रपदातल्या एका सरीत तो फुगून भोकांच्या कडा सुटतील. एसीपी (अॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनल) शीट घ्या, तिला पावसाचं काही नाही आणि राउटरवर छान कापली जाते. सनबोर्ड सुचवणारा एक जण प्रत्येक मंडळात असतोच. तो राउटरवर चालेल, पण लेझरवर अजिबात लावू देऊ नका. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी, आणि पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो कापणाऱ्याच्या छातीलाही वाईट आणि मशिनलाही. बुधवार पेठेतून एलईडीच्या पट्ट्या आणाल त्या बोर्डाला चिकटवून लावू नका. चार-पाच इंच मागे लावा आणि मध्ये दुधी अॅक्रिलिक नाहीतर दुहेरी ट्रेसिंग पेपर घाला. नाहीतर भोकाभोकांतून एकेक एलईडी डोकावतो आणि लोकमान्यांच्या गालावर देवी आल्यासारखं दिसतं.

प्रश्न : दिवाळीला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी मोठी रांगोळी असते. या वर्षी नातीच्या मांजराचा फोटो रंगीत ठिपक्यांत काढायचाय. नातीने इंकस्केप घालून दिलंय, ते फुकट आहे म्हणून. टाइल्ड क्लोन्सपर्यंत पोचले, पण सगळे ठिपके एकाच काळ्या रंगाचे येतात. ठिपका लहान केला तरी मधली जागा बदलत नाही. माझं वय 68, तेव्हा सावकाश सांगा.
– एक आजी, कोथरूड

उत्तर : आजी, टाइल्ड क्लोन्सपर्यंत पोचलात म्हणजे निम्मा घाट चढलात. माझ्याकडे शिकायला येणारी विशीतली मुलं त्या खिडकीतले टॅब बघूनच परत फिरतात.

काळ्या ठिपक्यांचं कारण असं. ज्या मूळ ठिपक्याच्या प्रती निघतात त्याचा स्वतःचा रंग ठरलेला असेल तर प्रती तोच घेतात, खालच्या फोटोचा घेत नाहीत. त्या ठिपक्याचा रंग ‘काढून’ टाकायला हवा. फिल अँड स्ट्रोकची खिडकी उघडा, वरच्या ओळीत प्रश्नचिन्हाचं बटण आहे, ते दाबा. ठिपका काळाच दिसत राहील, घाबरू नका, आतून तो आता बिनरंगाचा आहे. शेजारचं फुलीचं बटण मात्र नको, ते वेगळं.

हा ठिपका फोटोच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, फोटोच्या वर ठेवा. जाळी तिथूनच सुरू होते. मग एडिट, क्लोन, क्रिएट टाइल्ड क्लोन्स. ट्रेस या टॅबमध्ये जाऊन खालच्या चित्रावरून रंग उचलायच्या चौकटीत टिक करा. ‘पिक’मध्ये कलर निवडा आणि ‘अप्लाय’मध्येही कलरवर टिक ठेवा. ठिपके उजेडाप्रमाणे लहानमोठेही हवे असतील तर साइजवरही टिक करा. लहानमोठेपणा उलटा आला तर इन्व्हर्ट आहेच. पण रांगोळीला मी सगळे सारखेच ठेवीन. लहानमोठ्या चिमटी मोजत कोण बसतं?

मधली जागा बदलत नाही, कारण त्याच खिडकीत खाली ‘टाइलचं जतन केलेलं माप वापरा’ अशा अर्थाची एक चौकट आहे. तिच्यावर टिक राहिली असेल तर इंकस्केप पहिल्या वेळचं माप धरून बसतं, तुम्ही ठिपका कितीही बदला. ती टिक काढा.

तुम्हाला ‘15 ते 8’ची रांगोळी येत असणार. तशीच जाळी इथे हवी असेल, म्हणजे दुसरी ओळ पहिलीच्या फटींत, तर शिफ्ट टॅबमध्ये आडव्या सरकण्याला ‘पर रो’ खाली 50 टक्के लिहा आणि त्याखालच्या ऑल्टरनेटवर टिक करा. मांजराची पाठ, कान असल्या गोलसर कडा या जाळीत जास्त मऊ येतात.

आता खरी अडचण पुढे आहे. फोटोत शेकडो रंग असतात, तुमच्या डब्यांत रांगोळीचे सात-आठ. फोटो इंकस्केपमध्ये आणण्याआधी जिंपमध्ये (तेही फुकटच) 50 पिक्सेल रुंदीचा करा आणि इमेज, मोड, इंडेक्स्ड इथे जाऊन जास्तीत जास्त रंग 7 लिहा. डिदरिंग (दोन रंगांचे कण मिसळून तिसऱ्याचा भास करणं) बंद ठेवा. कोणते सात रंग उरले ते बघून तसे डबे आणा. राखाडी मांजर असेल तर पांढऱ्यात काळी रांगोळी कमीजास्त मिसळून तीन छटा घरीच होतात. ठिपके केल्यावर अधलेमधले काही रंग घुसतीलच. आधी क्लोन सुटे करा : एडिट, क्लोन, अनलिंक. मग अशा एका रंगाचा ठिपका निवडून एडिट, सिलेक्ट सेम, फिल कलर केलं की त्या रंगाचे सगळे एकदम हाती येतात, त्यांना जवळचा रंग द्या.

पाच फुटी रांगोळी 50 ठिपक्यांत म्हणजे दर 3 सेंटिमीटरला एक ठिपका. चौरस असेल तर 2,500 ठिपके, तेव्हा लेकीसुना आणि शेजारणी धरून आणा. छापलेल्या कागदावर प्रत्येक रंगाला एक आकडा द्या आणि जमिनीवर ठिपके पाडायला भोकांचा कागद वापरा. तो तुम्ही माझ्यापेक्षा चांगला करता, त्याबद्दल मी काय सांगावं.

प्रश्न : इलस्ट्रेटरमध्ये ‘क्रिएट ऑब्जेक्ट मोझॅक’ फिकट दिसतं, क्लिकच होत नाही. परवा सबमिशन आहे.
– एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : फोटो नुसता जोडलेला आहे, फाइलमध्ये घेतलेला नाही. फोटो निवडून वरच्या पट्टीतलं एम्बेड दाब, मेन्यू जिवंत होईल. आडवे किती तुकडे ते लिही आणि ‘यूज रेशो’ दाब म्हणजे उभे आपोआप बसतील. मूळ फोटो नको असेल तर डिलीट रास्टरवर टिक कर.

चौकोन येतील, ठिपके नाहीत. आधी अनग्रुप कर. ग्रुप तसाच ठेवलास तर सगळ्या चित्राचा मिळून एकच भलामोठा गोल होईल. मग सगळे निवडून इफेक्ट, कन्व्हर्ट टु शेप, इलिप्स. तिथे रिलेटिव्ह निवड, जादा रुंदी आणि उंची शून्य किंवा थोडी उणे, म्हणजे ठिपक्यांत फट राहील. शेवटी एक्स्पांड अपिअरन्स.

यात ठिपके सारख्याच मापाचे आणि रंग वेगवेगळे असे येतात. एकाच रंगात, गडद-फिकटाप्रमाणे लहानमोठे हवे असतील तर बरेच जण फोटोशॉपमध्ये कलर हाफटोन करून ते इलस्ट्रेटरमध्ये इमेज ट्रेसने व्हेक्टर करतात. चालतं, पण जवळून बघ : एकही वर्तुळ धड नसतं, सगळे बटाटे. स्क्रीनवर कळत नाही, व्हिनाइल कापलं की लगेच कळतं. ट्रेस करायचंच असेल तर हाफटोन करण्याआधी फोटोचं रिझोल्यूशन इंचाला 1200 पिक्सेलपर्यंत वाढव. आणि सबमिशनची फाइल परवा नाही, उद्या रात्रीच बाहेर काढ.

प्रश्न : कॉलेजच्या गॅदरिंगसाठी एका नटाचा चेहरा हाफटोन करून काळ्या टी-शर्टवर पांढऱ्यात छापतोय. फिल्म सुंदर निघाली, पण छापल्यावर गालावर लाटांसारखी नक्षी दिसते आणि बारीक ठिपके गायब.
– एक विद्यार्थी, शिवाजीनगर

उत्तर : लाटा म्हणजे मॉयरे. तुझ्या ठिपक्यांची एक जाळी, छपाईच्या स्क्रीनच्या (ज्यातून शाई खाली उतरते त्या) कापडाची दुसरी, आणि दोघींची भांडणं. एका रंगाच्या कामाला ठिपक्यांचा कोन 22.5 अंश ठेव, कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांशी तो सहसा भांडत नाही. दुसरं, दर इंचाला जेवढ्या ठिपक्यांच्या ओळी, त्याच्या चौपट-पाचपट धागे कापडात हवेत. 30 ओळींचा हाफटोन असेल तर इंचाला 120 ते 150 धाग्यांचं कापड. तू बहुधा 55-60 ओळींचा केला असशील, कारण कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर तोच देखणा दिसतो. टी-शर्टला 30-35 पुष्कळ.

बारीक ठिपके धुताना इमल्शनबरोबर (स्क्रीनवर चढवलेल्या, उजेडाने घट्ट होणाऱ्या थराबरोबर) भरून जातात किंवा मुळात उघडतच नाहीत. पाच टक्क्यांखालचे ठिपके फाइलमधूनच काढ. वरच्या टोकालाही तसंच, शाई कापडावर पसरते आणि जवळजवळ भरलेल्या भागातल्या फटी बुजतात, म्हणून तिथे थोडं उघडं ठेव. आणि काळ्या कापडावर पांढरी शाई म्हणजे पुन्हा उलटं गणित : शाई पडते तिथे उजेड. मंडळवाल्यांना वर जे लिहिलंय ते वाच.

नटाचा फोटो कुठून घेतलास ते लिहिलेलं नाहीस. ठिपके केल्याने फोटो आपला होत नाही. आपल्याकडे फोटोवरचा हक्क आता फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर 60 वर्षं असतो; 2012च्या दुरुस्तीआधी तो प्रसिद्धीनंतर 60 वर्षं असायचा. लोकमान्यांच्या हयातीत छापलेल्या फोटोंचा हक्क जुन्या नियमानेच संपला, त्यांना ती अडचण उरलेली नाही, तुझ्या नटाच्या फोटोंना आहे. तुमच्यातला कोणी नाटकात काम करतोच ना? त्याचा चेहरा छापा.

प्रश्न : हे ठिपक्यांचं नवीन खूळ कशाला? पूर्वी चित्रकार चित्र काढायचे, आता बटण दाबतात.
– एक नियमित वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आज सकाळी आलेलं वर्तमानपत्र भिंगाखाली धरा. गेली शंभराहून जास्त वर्षं छापील फोटो ठिपक्यांतच येतोय. म्युनिकच्या गेओर्ग माइझेनबाखने हाफटोनचं पेटंट 1882 मध्ये घेतलं, आणि दोन वर्षांनी जॉर्ज सरा हा चित्रकार पॅरिसमध्ये रंगांचे सुटे ठिपके देऊन आपलं सर्वांत गाजलेलं चित्र काढायला बसला होता. त्याला ते पुरं करायला दोन वर्षं लागली. त्याआधी शिळाप्रेसवर गालाची छटा आणायला कारागीर दगडावर हाताने ठिपके देत बसायचे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1878 मध्ये चित्रशाळा काढली ती आपल्या पुण्यातच. तिथली देवादिकांची जुनी चित्रं कोणाच्या देवघरात अजून असतील तर तीही भिंगाखाली जरूर धरून पाहा.

बटणाबद्दल बोलायचं तर वरची चार पत्रं वाचा. बटण चौघांनीही दाबलं होतं.

प्रश्न : ठिपके केले की कोरल हँग होतं. नवीन कॉम्प्युटर घेऊ का?
– एक फ्लेक्सवाले, हडपसर

उत्तर : नका घेऊ. 200 बाय 200 ठिपके म्हणजे 40,000 वर्तुळं, प्रत्येकाला चार नोड (कडेवरचे बिंदू) धरले तर 1,60,000. त्यातून प्रत्येकावर सावली किंवा पारदर्शकता दिली असेल तर कोणतंही मशिन गुडघे टेकेल. आडवे आणि उभे ठिपके निम्मे करा, एकूण संख्या चौथाई होते. रंग मर्यादित ठेवा आणि एका रंगाचे सगळे ठिपके कम्बाइन करून एकच वस्तू करा. काम करताना व्ह्यू वायरफ्रेमवर ठेवा. आणि नुसता फ्लेक्सच छापायचा असेल तर शेवटी सगळ्याचं बिटमॅप करून पाठवा. प्लॉटरवर किंवा राउटरवर जाणार नसेल तर व्हेक्टरचा हट्ट कशाला?